धरतोस की तोडू?

मोहोराचा वास मला आवडत नाही. रत्नागिरीत राहून असं म्हणणं म्हणजे देवळात उभं राहून देवाला नावं ठेवण्यासारखं आहे, पण खरं ते खरं. काल शाळेतून परतताना वळणावरच्या बागेतून तो पुन्हा आला. आंबूस, गोड, घशाला चिकटून बसणारा. शेजारच्या वहिनी फाटकात उभ्या होत्या. "काय सुंदर वास सुटलाय नाही यंदा!" म्हणाल्या. मी "हो" म्हटलं, घरात आले आणि खिडक्या लावून घेतल्या.

लोक ह्या वासाला भुलतात. मला त्यात नुसती घाई जाणवते. एका तुऱ्यावर शेकड्यांनी, हजारांनी फुलं. त्यातली बहुतेक नरफुलं, ती गळायचीच. उरलेल्यांतली बहुतेक धुक्यानं, उन्हानं, वाऱ्यानं जायची. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कणी, म्हणजे इवली फळं, धरायची आणि त्यातलीही निम्मी वाटाण्याएवढी होऊन खाली पडायची. त्याच तुऱ्यांवर त्याच दिवसांत तुडतुडे अंडी घालत असतात, आणि तोंडाला फडकी बांधलेले गडी त्यांच्यावर विष फवारत असतात. झाडाला आपलं बी हवं, किड्याला आपली पिल्लं हवीत, बागवाल्याला आपल्या पोरांसाठी पेटी हवी. सगळ्यांना सगळं ह्या दोन महिन्यांत आणि एकमेकांच्या जिवावर. ह्याला बहर म्हणतात.

अठ्ठ्याण्णव साल सरता सरता जो मोहोर आला, तो मी असाच तोंड फिरवून काढला. तेव्हा मी लग्न झालेली होते. नवरा सुधीर बँकेत, मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवणारी. आम्ही शहरात भाड्यानं राहत होतो आणि आम्हाला मूल नव्हतं. नव्हतं, कारण आम्हाला नको होतं. लग्नाआधी, कोल्हापुरात शिकत असताना, रंकाळ्याच्या कठड्यावर बसून हे आम्ही स्वच्छ बोललो होतो. मी म्हटलं होतं, "मला मूल नकोय. आत्ता नको असं नाही, कधीच नको. तुला हवं असेल तर आत्ताच सांग." सुधीर पाण्याकडे बघत म्हणाला, "मला तू हवीस. बाकीचं नसलं तरी चालेल." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तेव्हा त्याचाही स्वतःवर होता, हे मी आजही मानते.

का नको, असं मला आजवर इतक्यांनी विचारलंय की त्यावर एक छान दुःखी गोष्ट रचून ठेवायला हवी होती. आई बाळंतपणात गेली, लहानपणी भावंडांना सांभाळून जीव विटला, असं काहीतरी. ऐकणाऱ्यांचं समाधान झालं असतं. तसं काही नव्हतं. आमच्या संगमेश्वरच्या घरात आम्ही दोघी बहिणी, आईवडील प्रेमळ, सगळं ठीकठाक. मला इच्छा नव्हती, एवढंच. पंगतीत एखाद्यानं लाडू नको म्हटलं तर आपण त्याला दोनदा आग्रह करतो आणि पुढे जातो. त्याला तपासणी करून घ्यायला सांगत नाही.

मला मात्र सगळ्यांनी सांगितलं. सुधीरच्या साहेबांच्या बायकोनं मुंबईच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. घरमालकिणीनं कुठल्याशा देवीचा अंगारा आणून दिला. मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी गेले होते, तिथं नव्यानं दिवस राहिलेली एक मुलगी बसली होती. मी तिच्या शेजारी बसायला गेले तशी तिच्या सासूनं मधे उशी सरकवली आणि म्हणाली, "इथं नको, तुम्ही पंख्याखाली बसा ना, बरं वाटेल." जानेवारीत पंखा. मी पंख्याखाली बसले, वाण घेतलं आणि घरी येऊन ती वाणाची प्लास्टिकची गाळणी फेकून दिली.

त्याच दिवसांत दहावीच्या वर्गात प्रजननाचा धडा आला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवत म्हणाले, "बाई, तो धडा मुलांना घरी वाचायला सांगितलात तरी चालेल. दर वर्षी तसंच करतात. आणि तुमच्या बाबतीत तर…" वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. पुढचं स्टाफरूममध्ये कोणीतरी आधीच पुरं केलेलं होतं, ते मी दारातून ऐकलं होतं. जिला स्वतःला जमलं नाही ती शिकवणार काय, असं. मी सरांना म्हटलं, "अंतराळाचा धडा शिकवणारे सर तरी कुठं चंद्रावर जाऊन आलेत?" आणि तो धडा मी पुरा आठवडा शिकवला.

त्यासाठी एके दिवशी मिरकरवाडा बंदरावरून शिंगाळा घेऊन गेले. मिशाळ तोंडाचा मासा. मच्छीवालीला सांगून ठेवलं होतं की तोंडात अंडी असलेला नर सापडला तर माझ्यासाठी ठेव. वर्गात त्याचा जबडा उघडून दाखवला. आत गोट्यांएवढी पिवळट अंडी. सांगितलं, की मादी अंडी घालून निघून जाते आणि बाप ती तोंडात घेऊन फिरतो, पिल्लं बाहेर पडून तरती होईपर्यंत काही खात नाही. मुलं वाकवाकून बघत होती. मागून एकजण म्हणाला, "बाई, म्हणजे तो तेवढे दिवस गप्पच!" वर्ग हसला. मीही हसले. मग फळ्यावर लिहीत गेले. कालवं पाण्यात लाखांनी अंडी सोडतात आणि विसरून जातात. कुर्ली पोटाच्या झडपेखाली अंडी घेऊन हिंडते. हत्तीण दोन वर्षांच्या आसपास एकच गर्भ वागवते. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या बेटाला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो आणि मग बेटच्या बेट वाळून जातं. मुंगीच्या वारुळात राबणाऱ्या जवळजवळ सगळ्या माद्या, पण अंडी घालते ती एखादी राणी. कोणी लाखांनी घालून वाऱ्यावर सोडतं, कोणी एकासाठी जन्म घालवतं, कोणी घालतच नाही आणि तरी वारूळ त्यांच्याच जिवावर चालतं.

पुस्तकात एक वाक्य होतं, ते मी दोनदा वाचून दाखवलं. श्वास, अन्न, उत्सर्जन ह्यांतलं एक थांबलं तर जीव मरतो, पण प्रजनन थांबलं म्हणून कुठला जीव मरत नाही. त्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. पाठ ताठ ठेवून बसणारी, कमी बोलणारी मुलगी. "बाई, मग जगायला लागत नाही तर करतात कशाला?"

असा प्रश्न विचारणारं मूल वर्षातून एखादं भेटतं. मी खडू खाली ठेवला. "कशाला, असं काही नसतं," मी म्हटलं. "आंब्याच्या झाडाला वाटत नाही की आपला वंश राहावा. ज्यांनी मागं बी टाकलं त्यांची झाडं आज उभी आहेत. ज्यांनी टाकलं नाही त्यांचं कोणी उरलं नाही. आपल्याला उरलेलेच दिसतात, म्हणून वाटतं की सगळ्यांना हेच हवं असतं."

ती म्हणाली, "म्हणजे जे नव्हते उरले, त्यांचं चुकलं नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांचं काहीच चुकलं नव्हतं."

मग फळा पुसायला वळले.

घरी सुधीर शिंगाळ्याइतकाच गप्प झालेला होता. त्याआधीच्या पावसाळ्यात त्याचे वडील गेले होते. आई आधीच गेलेली. आरे-वारेच्या रस्त्यानं पुढं गेलं की आत डोंगरउतारावर त्यांची हापूसची बाग, तिथं आता एकटी काकी राहत होती. काकी म्हणजे सुधीरची चुलती, लहानपणी विधवा झालेली नव्हे तर भरल्या संसारानंतर नवरा गेलेली. आठ मुलांची आई. आठही मुंबईत किंवा त्याहून लांब. मे महिन्यात पेट्या न्यायला यायची, एरवी काकी आणि दोन गडी. वडील गेल्यावर सुधीर दर रविवारी बागेत जायला लागला. आधी हिशेब समजून घ्यायला म्हणून, मग नुसताच. परतायचा तेव्हा त्याच्या शर्टाला तो वास असायचा.

मी अधूनमधून बरोबर जायचे. काकी माझ्याशी वाईट वागायची नाही. वाईट वागली असती तर सोपं झालं असतं. ती मला पानात माशाची पहिली तुकडी वाढायची आणि मग म्हणायची, "नीला गो, एवढी शिकलेलीस, तुला कळत कसं नाय? हा वंश बुडायचा." एकदा मी वैतागून म्हटलं, "काकी, तुमच्या हापूसला तरी कुठं वंश आहे? हापूसची कोय लावून हापूस येतो का? रायवळाच्या रोपावर ह्याची काडी बांधता, त्या झाडाची पुन्हा दुसऱ्यावर. एकच झाड आहे ते, माणसांनी कापून कापून जगवलेलं. मुलगा नाही, नातू नाही, तोच तो."

काकी म्हणाली, "असेल. पण आंबे धरतो ना?"

सुधीर ताटात बघत होता. घरात आम्ही दोघंच असलो की मी त्याला 'अरे' म्हणायचे, काकीसमोर 'अहो'. त्या दिवशी परतताना स्कूटरवर मी त्याला दोन्ही म्हटलं नाही.

विहिरीजवळ एक कलम होतं. चांगलं पसरलेलं, हिरवंगार, आणि कधीच न धरलेलं. खतं झाली, मुळाशी औषध ओतून झालं, तरी पानंच. त्या पौषात काकीनं ठरवलं की त्याला भीती घालायची. तिच्या माहेरी, मंडणगडकडे, न धरणाऱ्या झाडाला असं करतात म्हणे. एकानं कोयता घेऊन झाडाला धमकावायचं आणि दुसऱ्यानं झाडामागे उभं राहून झाडाच्या वतीनं कबूल करायचं. सुधीरनं मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. "गंमत आहे, चल," म्हणाला. मी गेले. वाडीतल्या चार बायका आल्या होत्या, गडी होते. चहा झाला. थंडीचं ऊन पडलं होतं आणि बाकीची सगळी बाग मोहोरानं तांबूस झाली होती. मधे ते एकच झाड हिरवं.

काकीनं पदर खोचला, कोयता घेतला आणि माझ्याकडे वळली. "नीला गो, तू जा झाडामागे."

"मी?"

"मग काय मी दोन्हीकडे उभी राहू? मी विचारीन, धरतोस की तोडू? तू म्हणायचं, धरीन, धरीन, तोडू नको. तीनदा. एवढंच."

मी सुधीरकडे बघितलं. तो गड्याशी काहीतरी बोलत होता, किंवा बोलत असल्यासारखं करत होता. बायका एकमेकींकडे बघून माझ्याकडे बघेनाशा झाल्या. हे झाडासाठी नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, गड्यांना धरून. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर ती गंमत मनाला लावून घेणारी मी ठरले असते. मी झाडामागे गेले. खोडाला हात टेकला. ओंबील, ते तांबडे मुंगळे, मनगटावर चढले, चावले, मी झटकले नाहीत.

कोयत्याचा पहिला घाव खोडावर बसला तो माझ्या तळहाताला लागला. जोराचा नव्हता, पण लाकडातून येणारा हादरा अंगात शिरतो. "धरतोस की तोडू?" काकीचा आवाज वेगळाच झाला होता, घोगरा, मोठा. मी गप्प.

"बोल गो!" कोणीतरी हसत म्हणालं.

दुसरा घाव. "धरतोस की तोडू?"

मी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. ते चार शब्द म्हणायला काय जात होतं? झाडाला कळणार नव्हतं. काकीचं समाधान झालं असतं, भात-आमटी जेवून आम्ही घरी आलो असतो. पण मला दिसत होतं की आज झाडाच्या वतीनं म्हटलं की उद्या माझ्या वतीनं म्हणावं लागेल.

तिसरा घाव खोल बसला. सालीचा तुकडा उडून माझ्या पायाशी पडला. "धरतोस की तोडू?"

"तोडा," मी म्हटलं.

विहिरीवरचा रहाट कोणीतरी ओढत होतं, तोही थांबला. काकीचा चेहरा मला खोडामुळे दिसत नव्हता. मग पाचोळ्यात पावलं वाजली. सुधीर आला. मला वाटलं, माझा हात धरून मला तिथून नेईल. तो माझ्या शेजारी उभा राहिला, खोडाला दोन्ही हात लावले आणि म्हणाला, "धरीन, धरीन. तोडू नको."

गंमत करणाऱ्याचा तो आवाज नव्हता. लहान मुलगा मार चुकवायला जसं म्हणतो, तसं तो म्हणत होता. तीनदा म्हणाला. पलीकडे बायकांनी "झालं, झालं" म्हणून टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना आरे-वारेच्या चढावर, जिथून खाली दोन्ही किनारे दिसतात, तिथं मी त्याला स्कूटर थांबवायला लावली. समुद्र सपाट पडला होता. मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"सुधीर."

तो हँडल धरूनच उभा होता. "बाबांचं सगळं उरकून घरी आलो ना, त्या दिवसापासून. अंघोळ केली, बाहेर पडवीत बसलो. बाबांच्या चपला तिथं होत्या. वाटलं, माझ्या चपला अशा राहतील तेव्हा त्या उचलणारं कोणी नसेल."

"गडी उचलेल," मी म्हटलं. क्रूर होतं ते. मला क्रूरच व्हायचं होतं.

"तुला खरंच काही वाटत नाही? कधीच?"

"वाटतं. तुला वाटतं ते नाही वाटत."

"एकदा विचार करून बघ, नीला. लोक बदलतात."

"तू बदललास. मग आता मीही बदलायला हवं, असं का? माझ्या अंगातून व्हायचंय ते, तुझ्या नाही. शिंगाळा असतास तर दिलं असतं तुझ्या तोंडात."

तो हसला नाही. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते. त्यानं रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाला, "मी खोटं बोललो नव्हतो तेव्हा. कोल्हापुरात."

"माहीत आहे मला."

माहीत होतं, हेच वाईट होतं. तो खोटारडा असता, त्यानं मारलं असतं, दारू प्यायला असता, तर मला माझा राग ठेवायला जागा मिळाली असती. तो भला माणूस होता आणि त्याला मूल हवं होतं. त्याच्या इच्छेला कारण नव्हतं, तसं माझ्या नको म्हणण्यालाही नव्हतं. पण जगात त्याच्या इच्छेला घर, देव, सण, ओव्या, मोहोर असं सगळं होतं आणि माझ्या बाजूला दहावीच्या पुस्तकातलं एक वाक्य.

मोहोराची कणी झाली, कणीचे आंबे झाले, तोवर आम्ही एका घरात परक्यांसारखे राहिलो. भांडलोही. फार वाईट भांडलो. तो म्हणाला, तुझ्यात काहीतरी कमी आहे. मी म्हटलं, तुझ्यात भीतीशिवाय काही नाही. असली वाक्यं परत घेता येत नाहीत, आम्ही घेतलीही नाहीत. वेगळं व्हायचं ते दोघांनी मिळून ठरवलं, आणि गावाला मात्र मी टाकलेली वाटले. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. मुलगी काकीनंच बघितली, माझ्याच संगमेश्वरची. आईनं मला फोनवर सांगितलं आणि रडली. मी म्हटलं, "रडतेस कशाला, मी मेले नाही."

बागेत मी शेवटची गेले ती वेगळं व्हायचं ठरलं त्याच मे महिन्यात, माझी दोन पातेली आणि पुस्तकं तिथं राहिली होती ती आणायला. मुद्दाम सुधीर नसेल असा दिवस बघून. माजघरात पेंढा पसरून आंब्याची अढी घातलेली होती आणि काकी एकटीच खाली बसून पिकलेले आंबे निवडत होती. मला वाटलं होतं, ती तोंड फिरवेल. तिनं हातानंच खूण केली, बस म्हणून. मी उभीच राहिले.

ती आंबे वर-खाली करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला त्यानं विचारलंन होतं? लग्नाआधी? हवं का नको?"

"मीच सांगितलं होतं."

"हां." एक डागी आंबा तिनं बाजूला काढला. "मला कोणी विचारलानच नाय. आठांतल्या एकाच्याही वेळी." पुन्हा हात पेंढ्यात. "विचारलं असतंन तर काय म्हटलं असतं, कोणास ठाऊक. पहिल्या दोघांना हो म्हटलं असतं बहुतेक."

तिचे हात थांबत नव्हते. एवढं बोलून तिनं सहा आंबे निवडले, माझ्या पातेल्यात घातले आणि वर पेंढा ठेवला. "जा आता. बस चुकेल."

ही गोष्ट सांगितली की अनेकांना वाटतं, इथं मी काकीला माफ केलं असेल. नाही केलं. जिला कोणी विचारलं नव्हतं तिनंच मला कोयता घेऊन विचारलं, ह्याचा मला उलट जास्त राग आला. आंबे मात्र खाल्ले. फार गोड होते. त्या न धरणाऱ्या कलमाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि सांगू पाहणाऱ्याला सांगू दिलं नाही. धरलं असेल तर लोक त्याचा अर्थ लावतील, नसेल तर त्याचाही.

त्यानंतर मी मारुती मंदिरापाशी एक खोली घेतली, मग दोन खोल्या. नोकरी होतीच. सकाळी उठून चहा करून खिडकीत बसते, कोणाचा डबा नाही, कोणाची शाळा नाही. काही रविवारी अंथरुणातून उठतच नाही, पुस्तक वाचते. ताप आला की स्वतःच उठून पेज करावी लागते, तेव्हा एकटं वाटतं. ते मी लपवत नाही. पण ज्यांच्या घरात चार माणसं आहेत त्यांनाही तापात एकटं वाटतंच, फक्त त्यांना तसं म्हणायची सोय नसते.

सुधीर मला एकदाच भेटला, दोन वर्षांपूर्वी. मंडणगड तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी कुंपण घालून राखतात आणि पिल्लं बाहेर आली की लोकांसमोर सोडतात. शाळेची सहल घेऊन गेले होते. पहाटे वाळूवर पोचलो तर दोरीपलीकडे तो उभा, कडेवर एक मुलगी. पाचेक वर्षांची, झोपेतून उठवून आणलेली. सुधीरचे केस पांढरे झाले होते. आम्ही एकमेकांना बघून मान हलवली. राखणाऱ्यांनी टोपली उलटली आणि बोटभर पिल्लं वाळूत वळवळत पाण्याकडे निघाली.

मुलीनं विचारलं, "बाबा, ह्यांची आई कुठाय?"

सुधीरला उत्तर माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "ती अंडी घालून त्याच रात्री निघून गेली. परत येत नाही ती."

"वाईट आहे," मुलगी म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "कासव आहे."

मुलीनं हे तपासून बघितल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि मग पिल्लांकडे. माझी मुलं दोरीपाशी दाटली होती, मी त्यांना मागं सारायला वळले. सुधीर जवळ आला. "बरी आहेस ना?" असं विचारून तो तिथंच थांबला असता तर ठीक होतं. पण म्हणाला, "सुखी आहेस ना, नीला?"

त्याच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं, जे इतक्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. त्याला वाईट ऐकायचं नव्हतं, पण थोडंसं, अगदी थोडंसं कमी ऐकायचं होतं. एक उसासा. एक 'चाललंय'. म्हणजे मग त्याचे जागरणाचे डोळे, ती कडेवरची झोपाळू मुलगी, सगळ्याचा हिशेब चोख जमला असता. मला तो द्यायला काही जड नव्हतं. माणसं सर्रास देतात.

"हो," मी म्हटलं. "सुखी आहे."

त्यानं मान हलवली. मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गाडीकडे गेला. मी रागावलेले नव्हते. मला फक्त त्याला ते द्यायचं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मुलांनी गोंधळ घातला होता. कोणी गात होतं, कोणाला मळमळत होतं, एकीची चप्पल वाळूत राहिली म्हणून रडारड. मी कोणाला लिंबू दिलं, कोणाला खिडकी उघडून दिली, कोणाला दटावलं. ड्रायव्हर वयस्क होता, आरशातून सगळं बघत होता. दापोली सोडल्यावर म्हणाला, "बाई, तुम्हाला मुलं नाहीत असं हे सर म्हणत होते. पण मी म्हणतो, हीच तुमची मुलं! नाही का?"

बरोबरचे सर ओशाळून बाहेर बघायला लागले. ड्रायव्हर इतक्या मायेनं म्हणाला होता की दुसरं कोणी असतं तर हसून हो म्हटलं असतं.

"नाही हो," मी म्हटलं. "ही लोकांची मुलं आहेत. संध्याकाळी आपापल्या घरी जातात, म्हणून मला आवडतात."